आवाजातली टोच

आपली बायको वयाप्रमाणे मवाळ होत चालली आहे, असं कानसेनला गेली काही वर्षं मनापासून वाटत होतं. संसार मुरला की माणसाच्या कडा झिजतात, असं तो मित्रांना सांगायचा आणि वर त्याचं श्रेय स्वतःच्या सहनशक्तीला द्यायचा. पूर्वी ती स्वयंपाकघरातून हाक मारायची तेव्हा समोरच्या इमारतीतले नवरेसुद्धा ‘आलो, आलो’ म्हणून उठायचे. आता ती हाक मारतच नव्हती. जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची, तो वळून बघेपर्यंत थांबायची आणि मगच बोलायची. आवाजही कसा, मऊसूत. कानसेन खुशीत यायचा. “म्हातारपणी प्रेम करायला लागली हो आमची ही,” म्हणायचा. ती हसायची, जे सांगायला आली असेल ते सांगायची आणि आपल्या कामाला लागायची.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव लाइटच्या बिलावर तेवढं उरलं होतं. तरुणपणी तो गाणं शिकायला गेला होता. गळा काही केल्या वळेना, पण शेजारी बसलेल्याचा सूर केसभर ढळला तरी याचा चेहरा लिंबू चाखल्यासारखा व्हायचा. शिकवणारे गुरुजी एकदा वैतागून म्हणाले, “बाबा रे, तानसेन व्हायचं तुझ्या नशिबात नाही. कानसेन हो आणि आम्हाला सोड.” त्याने ते मनावर घेतलं. राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या, मधल्या भिंतीला जाड दुहेरी काच बसवली, आतल्या खोलीत माइक आणि खुर्ची ठेवली, बाहेरच्या खोलीत आवाज जुळवायचा मिक्सर, दोन स्पीकर आणि स्वतःला ठेवलं. तेव्हापासून गाणारे, जाहिराती बोलणारे, पुस्तकं वाचून दाखवणारे, सगळे त्याच्याकडे यायचे ते त्याच्या कानांसाठी.

त्याची हातोटी एकाच गोष्टीत होती, आणि ती त्याला विचारल्याशिवायही तो सांगायचा. प्रत्येक गळ्यात काही जागा अशा असतात की त्या गरजेपेक्षा जास्त वाजतात. रिकाम्या बादलीत तोंड घालून बोललं की एखादाच शब्द कसा घुमतो, तसं. समोरासमोर बोलताना ते कळत नाही, पण माइक कुणाची भीडभाड ठेवत नाही. तो नेमकं तेच पकडतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाला टोचतं. ती जागा शोधायची कशी? तर इक्वलायझरवर, म्हणजे जाड-बारीक सूर वेगवेगळे चढवायच्या-उतरवायच्या साधनावर, एक अरुंद पट्टी घ्यायची, मुद्दाम वर चढवायची आणि आवाज चालू ठेवून ती हळूहळू खालून वर सरकवत न्यायची. दातांचा डॉक्टर एकेका दातावर टिचकी मारत जातो आणि एका ठिकाणी आपण खुर्चीतून उडतो, तसा आवाज एका ठिकाणी किंचाळतो. तीच जागा. मग ती पट्टी तिथेच धरून खाली ओढायची, आणि तीही बेताने. “जास्त कापलं तर माणूस जातो,” तो नवशिक्यांना बजावायचा, “आणि मग मागे जे राहतं त्याचं काय लोणचं घालायचंय?”

दुसरी एक सवय त्याला जुन्या काळापासून होती. तो कच्चा आवाज ठेवत नसे. जे कापायचं ते आवाज आत जाताजाताच कापायचं. मूळ एक, साफ केलेलं एक, अशा दोन-दोन प्रती साठवणाऱ्यांना तो हसायचा. धान्य निवडूनच डब्यात भरावं, खडे नंतर वेचू म्हणणाऱ्याच्या दाताखालीच ते येतात, हे त्याचं म्हणणं. त्याच्या कानांवर त्याचा एवढा भरवसा होता, आणि खरं सांगायचं तर इतरांचाही होता.

बायको त्याला मिळाली तीही या कापाकापीतूनच. ती शाळेत कवायत घ्यायची. एवढ्या मोठ्या मैदानावर भोंगा न लावता शेवटच्या रांगेतल्या मुलाला ‘सावधान’ करायचं, तर आवाज दुधासारखा असून चालत नाही. शाळेच्या कार्यक्रमासाठी कवायतीचे आकडे रेकॉर्ड करायला ती आली, माइकसमोर उभी राहिली आणि पहिल्या ‘एक’लाच मिक्सरवरचे सगळे दिवे लाल झाले.

“बाई, जरा मागे उभ्या राहा,” तो काचेपलीकडून म्हणाला. “तुमचा आवाज तीन हजारांवर टोचतो.”

“तीन हजार?” ती म्हणाली. “माझ्या मैदानावर तर चारशेच मुलं आहेत.”

तीन हजार म्हणजे सेकंदातली कंपनं, हे मग त्याने तिला बाहेर बोलावून दाखवलं. पट्टी चढवून, सरकवून, तीन हजारांच्या जरा वर आणली तेव्हा तिचा आवाज असा लागला की तिने स्वतःच कानावर हात ठेवले. मग त्याने पट्टी खाली ओढली. आपलाच आवाज गोड झालेला तिने शेवटपर्यंत ऐकला. “ही मुलगी बरी आहे,” म्हणाली, “पण हिचं कुणी ऐकणार नाही.” कानसेन तिथेच गारद झाला. लग्न झाल्यावर त्याने मिक्सरच्या आठवणीत तिच्या आवाजासाठी केलेली मांडणी कायमची साठवून ठेवली आणि तिला नाव दिलं ‘सौ.’ दरवर्षी शाळेचे आकडे रेकॉर्ड करायला ती आली की तो एक बटण दाबायचा, आणि सौ. गोड व्हायच्या. “घरीही असं एक बटण हवं होतं,” हा त्याचा विनोद. तो ऐकून ती दरवर्षी त्याच्याकडे त्याच नजरेने बघायची, ज्या नजरेने बूट न घातलेल्या मुलाकडे बघायची.

घरात तो आवाज सगळ्यांच्या कामाला यायचा. एकुलती एक मुलगी रस्त्याच्या पार टोकाला खेळत असली तरी खिडकीतून एक हाक, आणि ती चेंडू टाकून पळत यायची. शेजारच्या म्हाताऱ्याला घड्याळाची गरज नव्हती; मुलीला शाळेसाठी उठवलं की त्याला वेळ कळायची. मुलगी मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली, आणि फोनवर आईशी बोलताना फोन कानापासून हातभर लांब धरायची सवय तिने जावयालाही लावली. कानसेन या सगळ्याबद्दल कुरकुर करायचा, पण ती कुरकुर म्हणजे घरात पंखा चालू असल्याचा आवाज असतो, तेवढीच.

आणि मग ती मवाळ झाली. म्हणजे, असं त्याला वाटलं.

त्याच सुमारास त्याच्या कामात काहीतरी बिनसायला लागलं होतं. सगळ्यांचेच आवाज त्याला झाकलेले वाटायचे, तोंडावर रजई घेऊन गायल्यासारखे. त्याने माइकची केबल बदलली. मग माइक बदलला. मग स्पीकर दुरुस्तीला दिले. दुरुस्तीवाल्याने ते ठणठणीत आहेत म्हणून परत पाठवले, तर दुरुस्तीवालाच बदलला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, त्यातला प्रकार. फक्त या गड्याला आपल्याला नाचता येत नाही हे कळायला मार्ग नव्हता. आवाजाचं काम करणाऱ्या माणसाला आवाज कमी आला तर तो आधी तार बघतो, कान बघत नाही. मग त्याने सोपा उपाय केला. जे झाकलेलं वाटेल ते वर उचलायचं. ज्या जागा आयुष्यभर कापल्या, त्याच तो आता चढवत होता, आणि चढवून चढवून त्याला जेमतेम पूर्वीसारखं वाटत होतं.

वर्षानुवर्षं त्याच्याकडे गाणारी एक गायिका एक दिवस चाचरत म्हणाली, “दादा, रागावू नका. या वेळचं गाणं सुईसारखं लागतंय हो.”

“तुझ्या घरचा स्पीकर फेकून दे,” तो म्हणाला.

तिने स्पीकर फेकला नाही. पुढचं गाणं दुसरीकडे गायली. मग आणखी काहीजण गेले. लोक भांडले असते तर त्याला कळलं असतं. पण त्याच्याशी कुणी भांडलं नाही. सगळे आदराने लांब झाले. तो म्हणायचा, हल्ली लोकांना चांगलं ऐकायची सवय राहिली नाही. बायको हे ऐकायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि “चहा करू का?” असं त्याच्या तोंडाकडे बघत विचारायची.

तिचं दुखणं फुप्फुसात निघालं, आणि निघालं तेव्हा फार पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांनी औषधं दिली, पण त्याबरोबर समजूतही घातली, म्हणजे काय ते समजायचं. मुलीला तेव्हा दिवस गेले होते. तिला प्रवासाची मनाई होती. ती फोनवर आधी खूप रडली आणि मग बापाला म्हणाली, “बाबा, माझं एक काम करा. आईचा आवाज नीट रेकॉर्ड करून ठेवा. बाळाला आजी दिसणार नाही कदाचित, पण ऐकू तरी येऊ दे.”

एवढं एकच काम होतं, आणि सगळ्या जगात ते करायला त्याच्याइतका लायक माणूस नव्हता. असं त्याला वाटलं, मुलीला वाटलं, बायकोलाही वाटलं असावं. फोन आणि यंत्रं यांच्याशी तिचं कधी जमलं नाही. फोनवर निरोप ठेवायला सांगितलं तर “समोर माणूस नाही, बोलू कुणाशी?” म्हणून ठेवून द्यायची. शाळेतल्या आकड्यांशिवाय तिचं बोलणं त्याच्या माहितीत कुठे साठवलेलं नव्हतं. तेव्हा जे काही राहणार होतं, ते आता कानसेन ठेवील तेवढंच.

दुपारचं तिला जरा बरं वाटायचं. तेव्हा तो तिला धरून खाली न्यायचा, पाठीशी उशी ठेवून माइकसमोर बसवायचा, काच ओलांडून आपल्या जागी यायचा. ती पहिल्या दिवशी म्हणाली, “माझा आवाज ऐकून पोर पाळण्यातच सावधान उभं राहील हो.”

“मी बसलोय ना इथे,” तो म्हणाला, आणि त्याने ‘सौ.’चं बटण दाबलं.

त्याने ते प्रेमानेच दाबलं. तरुणपणी त्याच बटणामागे तिच्यासाठी किती वेळ घालवला होता! त्या मांडणीत तीन हजारांच्या वर एक खोल खड्डा होता, मैदानावर चारशे मुलं उभी करणाऱ्या बाईच्या आवाजासाठी मापून खणलेला. पण आता खुर्चीत जी बसली होती, तिच्या छातीत वारा राहिला नव्हता. तो आवाज आजाराने आधीच बारीक केला होता. त्या जागी जी धार उरली होती ती चिमूटभर. दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर त्याने पुन्हा पट्टी सरकवून शोधलं असतं, आणि झाकलेला वाटला म्हणून वर उचललाही असता. पण बायकोचा आवाज मऊ वाटला यात नवल ते काय? घरीही ती तशीच तर बोलत होती.

ती बोलली. मुलगी लहानपणी झाडावरून पडली तेव्हा रडण्याआधी फांदीला कशी लाथ मारून आली, ते सांगितलं. नखं खाऊ नकोस, ओल्या केसांनी झोपू नकोस, तुझी आई ऐकत नसे, तू ऐक. आजोबांच्या विनोदाला हसत जा, दुसरं कुणी हसत नाही. एके दिवशी तिने नुसते कवायतीचे आकडे म्हटले, मध्ये मध्ये दम घेत, आणि आठावर थांबून काचेपलीकडे त्याच्याकडे पाहून हसली. तो हात वर करून ‘छान’ म्हणाला. शेवटी त्याने सगळ्यावरून खोलीची आणि यंत्राची सूं पुसून टाकणारं साधन फिरवलं, आणि डोळे मिटून पुन्हा ऐकलं. अगदी तीच. खांद्यावर हात ठेवून बोलायची ती.

ती गेली तेव्हा तो तिच्याजवळ होता. शेवटच्या दिवसांत तिचे ओठ हलायचे आणि तो कान अगदी तोंडाशी नेऊन “काय गं? काय म्हणतेस?” विचारत राहायचा. ती पुन्हा म्हणायची. पुन्हा. मग नुसता त्याचा हात दाबायची. ती काय म्हणत होती, ते त्याला कधीच कळलं नाही. अशक्तपणामुळे आवाज फुटत नाही, असं त्याने मनाला सांगितलं. आजूबाजूला नर्स होती, पण बायको नवऱ्याला काय म्हणाली हे नर्सला कसं विचारणार?

बाळ झालं, मुलगी झाली. प्रवास करण्याइतकी मोठी झाल्यावर लेक तिला घेऊन बापाकडे आली. रेकॉर्डिंग त्याने आधीच पाठवलं होतं, पण लेकीने ते लावलं नव्हतं. एकटीने ऐकवणार नाही, तुमच्याबरोबर ऐकेन, असं तिचं म्हणणं. तेव्हा दुपारी तिघं खाली गेली. बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं, कानसेन मिक्सरसमोर, हात अधीर झालेले. त्याने फाइल लावली.

लेक पहिल्या वाक्याला रडेल, असं त्याने गृहीत धरलं होतं. ती रडली नाही. ती पुढे झुकली, तिच्या कपाळाला आठी पडली, आणि तिने एकदा दाराकडे पाहिलं, जसं काही आवाज दाराआडून येतोय.

“बाबा, ही आई नाही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे... बोलणं आईचंच आहे. पण ही ती नाही. कुणीतरी उशीत तोंड घालून आईची नक्कल करतंय असं वाटतंय. आईचा आवाज लागायचा, बाबा. इथे लागायचा.” तिने कानामागे बोट ठेवलं.

तो चिडला. माणूस दुःखात असला की आधी चिडतोच. “आजारी होती ती! आणि आवाजाचं मला शिकवतेस?” म्हणाला. “रडून रडून तुझे कान भरलेत.”

लेकीने आपला फोन काढला. जावयाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ होता, जुना. सगळा कल्ला, टाळ्या, माणसांच्या पाठी; आई कुठे दिसतही नव्हती. आणि एकाएकी त्या कल्ल्यातून तिचं एकच वाक्य: “अहो, बाजूला व्हा, केक दिसत नाहीये कुणाला!”

बाळ झोपेत दचकलं. दोन्ही हात हवेत उडाले, ओठ वाकडे झाले, आणि ते भोकाड पसरून रडायला लागलं. लेक त्याला थोपटता थोपटता स्वतःच रडायला लागली.

कानसेन मात्र फोनकडे बघत राहिला. त्याला तो आवाज मऊ वाटला होता. आत्ता स्पीकरवर होता तसाच, तेवढाच. ज्या आवाजाने झोपलेलं मूल दचकलं, त्यात त्याला दचकण्यासारखं काही ऐकू आलं नव्हतं. त्याने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, आणि या वेळी फोनकडे न बघता लेकीकडे बघितलं. वाक्य आलं तशा तिच्या पापण्या मिटल्या.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं. आयुष्यभर तो काचेच्या बाहेर बसला होता. कानात बारीक शिट्ट्या वाजवल्या, ऐकू आली की बटण दाबायचं. सुरुवातीला तो झरझर दाबत होता. मग बराच वेळ काही वाजलंच नाही, असं त्याला वाटलं. बाहेर आल्यावर बाईंनी आलेख समोर ठेवला. तीन हजारांच्या अलीकडे रेघ एकदम खाली कोसळली होती, आणि पुढे खालीच होती. अशा रेघा त्याने स्वतःच्या हाताने दुसऱ्यांच्या आवाजात किती काढल्या असतील त्याला गणती नव्हती.

“मोठ्या आवाजात काम केल्याने होतं असं,” बाई म्हणाल्या. “एका दिवसात नाही होत. बरीच वर्षं झाली असणार. घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?”

रिक्षात बसल्यावर त्याने लेकीला तोच प्रश्न विचारला. तिने आधी बाहेर बघितलं. मग त्याच्याकडे वळून, त्याला दिसेल असं तोंड करून म्हणाली, “आईच्या लक्षात आलं होतं. तुम्ही हाकेला ओ देईनासे झालात तेव्हाच. मला म्हणाली होती, त्यांच्यापाशी काढू नकोस. कान गेले म्हटलं तर त्या माणसाकडे राहिलं काय?”

म्हणजे ती मवाळ झालीच नव्हती. ती त्याच आवाजात बोलत होती, त्याच धारेने, दुखण्याने दम काढेपर्यंत. आणि त्याला पोचत नाही म्हणून उठून त्याच्यापर्यंत चालत येत होती. गुडघे दुखत असताना, छाती भरून येत असताना, चहाचं विचारायला दोन खोल्या ओलांडून. आणि तो मित्रांमध्ये बसून तिच्या म्हातारपणच्या प्रेमाची चेष्टा करत होता. त्याने रिक्षातच तोंड झाकून घेतलं. रिक्षावाल्याने आरशात पाहून रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो मिक्सरसमोर बसला आणि लेकीला शेजारी बसवलं. “जिथे कापलं तिथे परत वाढवता येतं,” तो म्हणाला. “मला ऐकू येणार नाही. तू ऐक. मी फिरवतो, तू सांग.”

त्याने खड्ड्याच्या बरोबर उलटा डोंगर काढला. लेक म्हणाली, “नुसती सूं येतेय, बाबा.” त्याला वाटलंच होतं. ती चिमूटभर धार कापून इतकी बारीक झाली होती की सूं पुसणाऱ्या साधनाने तीही सूं समजून पुसून टाकली होती. उरलंसुरलं काहीतरी असेल, कडेला, फटीत, म्हणून तो पट्टी अरुंद करून शोधत राहिला. आंधळ्याने सुईत दोरा ओवावा तसं. हात त्याचे आणि डोळे दुसऱ्याचे. “आता?” “नाही.” “आता?” “अजून नाही.” “हे आधीचं बघ... आणि हे आत्ताचं.” “सारखंच आहे, बाबा.” मध्ये बाळ किरकिरलं, त्याने त्याला एका हातावर घेतलं, आणि दुसऱ्या हाताने इक्वलायझरचा चालू-बंद खटका बदलत, बटण फिरवत राहिला. आई आकडे म्हणत होती. पाच, सहा, सात, दम, आठ. पुन्हा पहिल्यापासून. “आता?”

लेकीने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता, मान वाकडी करून तो तिच्या ओठांवर नजर लावून बसला होता, परीक्षेचा निकाल बघणाऱ्या पोरासारखा. तिने डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं.

“थांबा,” ती म्हणाली. “हात लावू नका आता. बास.”

“काय? आली?”

“हो. ही आई. अगदी आई, बाबा.” आणि ती त्याच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली, बाळ दोघांच्या मध्ये.

त्यालाही रडू आवरलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास मोकळा झाला. बाळाला भूक लागली होती, म्हणून लेक त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि फाइल सेव्ह करायला पुढे झाला, तेव्हा त्याला इक्वलायझरच्या खटक्याजवळचा दिवा दिसला. विझलेला. आधीचं आणि आत्ताचं दाखवताना, बाळाला घेतल्याच्या गडबडीत, त्याने इक्वलायझर बंद केला होता आणि परत चालूच केला नव्हता. त्यानंतर फिरवलेलं एकही बटण आवाजापर्यंत पोचलं नव्हतं. लेकीने जिला ‘अगदी आई’ म्हटलं, ती तीच होती जिला तिने पहिल्या दिवशी ‘ही आई नाही’ म्हटलं होतं.

काचेपलीकडे लेक माइकजवळच्या खुर्चीत बसली होती, आईच्या, आणि बाळाला पाजत होती. ही मुलगी मोठी होईल, या आवाजाला आजी म्हणेल, आणि तिची आई तिला कधीही सांगणार नाही की आजी अशी बोलत नव्हती. सांगितलं तर आजोबांच्या हातून काय झालं तेही कळेल. एका बाईने त्याच्यापासून एक गोष्ट लपवली होती. आता तिची मुलगी दुसरी लपवत होती, आणि दोघींच्या पोटात मायाच होती. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की नको, मला खरं सांगत जा, निदान तू तरी. पण मग तिचं आत्ताचं ते रडणं, ती मिठी, सगळं तिला परत घ्यावं लागलं असतं. त्याने दिवा लावला नाही. फाइल होती तशी सेव्ह केली आणि तिच्या फोनवर पाठवून दिली.

ती बाहेर आली, फोनकडे पाहिलं, बाळाला खांद्यावर घेऊन त्याच्या समोर येऊन उभी राहिली. त्याची नजर वर येईपर्यंत थांबली.

“तुम्हाला कशी वाटतेय, बाबा? आईसारखी?”

“अगदी तशीच,” तो म्हणाला. त्याच्या कानांना ती खरोखरच तशी होती.